जर्मनीचा निवडणूक निकाल कसा वाचावा : निषेधाचे मत आणि निष्ठेचे मत

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या जर्मन संसदेच्या निवडणुकीत 'आल्टरनाटिव्ह फ्युअर डॉइचलांड', म्हणजेच एएफडी या अतिउजव्या पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. २०२१ मध्ये हाच आकडा १०.३ टक्के होता. अशी झेप दिसली की एक स्पष्टीकरण हमखास पुढे येते : लोक प्रस्थापित पक्षांवर चिडले होते, म्हणून त्यांनी निषेध नोंदवला. हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु ते तपासून न पाहता स्वीकारले, तर मतदाराने खरोखर काय मागितले आहे हे ऐकायचे राहून जाते आणि राग ओसरला की ही मते आपोआप घरी परततील, असा दिलासा प्रस्थापित पक्ष स्वतःला देत राहतात. जर्मनीत हा दिलासा २०१३ पासून दिला जात आहे आणि त्या काळात एएफडीची मते ४.७ टक्क्यांवरून २०.८ टक्क्यांवर गेली आहेत.

म्हणून 'निषेध' हा शब्द निष्कर्ष म्हणून नव्हे, तर तपासण्याचे अनुमान म्हणून हाती घ्यावा. ते कसे तपासावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. त्यासाठी जर्मन भाषा अवगत असण्याची गरज नाही. केंद्रीय निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावरील आकड्यांचे तक्ते वाचता आले की पुरे. ज्यांची मुले स्टुटगार्टला किंवा म्युनिकला शिकायला वा नोकरीला गेली आहेत आणि 'तिकडे नक्की काय चालले आहे' असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना ही पद्धत विशेष उपयोगी पडावी.

आधी मतपत्रिका समजून घ्यावी

जर्मन मतदाराला लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहासाठी, म्हणजे बुंडेस्टागसाठी, दोन मते असतात. पहिले मत स्वतःच्या मतदारसंघातील उमेदवाराला आणि दुसरे पक्षाच्या यादीला. कोणत्या पक्षाला किती जागा मिळणार हे दुसऱ्या मतावर ठरते, त्यामुळे पक्षाची खरी ताकद पाहायची असेल तर नेहमी दुसऱ्या मतांचा रकाना पाहावा. ज्या पक्षाला देशभरात दुसऱ्या मतांपैकी ५ टक्के मते मिळत नाहीत आणि निदान ३ मतदारसंघांत पहिला क्रमांकही मिळत नाही, त्याला यादीतून जागा मिळत नाही. २०२३ च्या सुधारणेनंतर सभागृहाची संख्या ६३० वर पक्की करण्यात आली. त्याचा परिणाम असा झाला की २०२५ मध्ये आपापल्या मतदारसंघांत पहिल्या आलेल्या २३ उमेदवारांना सभागृहात जागाच मिळाली नाही, कारण त्यांच्या पक्षाच्या दुसऱ्या मतांतून तेवढ्या जागा निघत नव्हत्या.

येथे भारतीय वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे मतदानयंत्रावर 'नोटा'चे बटण आहे; जर्मन मतपत्रिकेवर तसा पर्याय नाही. चिडलेल्या मतदाराने मत बाद केले तर ते जागावाटपाच्या हिशेबातून नाहीसे होते आणि तो घरी बसला तर त्याची नोंद फक्त मतदानाच्या टक्केवारीत उरते. आपला राग प्रस्थापितांना लागावा असे ज्याला वाटते, त्याच्यापुढे प्रस्थापितांना सर्वांत जास्त खुपणारा पक्ष निवडणे एवढाच मार्ग राहतो. अशा मतासाठी जर्मन भाषेत 'डेंकत्सेटेल' हा शब्द वापरतात. मराठीत आपण 'धडा शिकवणे' म्हणतो, तोच त्याचा भाव आहे.

मतांच्या टक्क्यांची जागांच्या टक्क्यांशी गल्लत करू नये. २०२५ मध्ये सारा वागेनक्नेश्ट यांच्या बीएसडब्ल्यू पक्षाला ४.९८ टक्के मते मिळाली आणि तो जेमतेम साडेनऊ हजार मतांनी उंबरठ्याबाहेर राहिला. उदारमतवादी एफडीपी ४.३ टक्क्यांवर अडकला. या साऱ्या बाहेर राहिलेल्या मतांमुळे आत आलेल्या पक्षांचा वाटा फुगला आणि २०.८ टक्के मतांवर एएफडीला १५२ जागा, म्हणजे सभागृहाचा २४ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा मिळाला. चौकशी समिती नेमण्याची मागणी करण्यासाठी तेथे एकचतुर्थांश सदस्य लागतात. त्यापासून हा पक्ष अगदी थोडक्यात दूर राहिला.

टक्केवारीचा छेद बदलून पाहावा

वैध मतांपैकी २०.८ टक्के हा एक हिशेब झाला. दुसरा हिशेब सर्व मतदारांचा : सुमारे ६ कोटी ५ लाख पात्र मतदारांपैकी १ कोटी ३ लाखांनी एएफडीला मत दिले, म्हणजे शंभरातील सतरा जणांनी. जर्मनीच्या शंभरातील त्र्याऐंशी प्रौढ नागरिकांनी हे मत दिलेले नाही, हेही त्याच तक्त्यातून दिसते आणि घाबरून गेलेल्या वाचकाने ते आधी वाचावे.

त्यानंतर मतदानाचा टक्का पाहावा. २००९ मध्ये तो ७०.८ इतका खाली गेला होता. २०२५ मध्ये तो ८२.५ झाला. त्या काळात अधिक माणसे मतदान केंद्रांवर परतली, ही लोकशाहीसाठी चांगली बातमी असल्याचे कोणीही म्हणेल. मात्र परतलेल्यांपैकी अनेक जण कोणासाठी परतले हेही पाहावे लागते. इन्फ्राटेस्ट डिमाप या संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये एएफडीला सुमारे १८ लाख मते अशा लोकांकडून मिळाली, ज्यांनी २०२१ मध्ये मतदानच केले नव्हते. पुराणमतवादी सीडीयू-सीएसयू या जोडपक्षाकडून सुमारे १० लाख, एफडीपीकडून सुमारे ९ लाख आणि समाजवादी लोकशाहीवादी एसपीडीकडून सुमारे ७ लाख मते तिकडे वळली.

मतांच्या या वाहण्याचे आकडे वृत्तपत्रांत बाण काढून दाखवले जातात आणि ते फार नेमके भासतात. प्रत्यक्षात मत गुप्त असते. मतदान केंद्राबाहेर विचारलेले प्रश्न, आधीचे निकाल, दरम्यान मरण पावलेले आणि नव्याने मतदार झालेले लोक यांचा मेळ घालून हे अंदाज केले जातात. दिशा आणि आकारमान समजण्यासाठी ते वापरावेत, पाच-दहा हजारांच्या फरकावर मात्र काही उभारू नये. तुलनेने पक्की माहिती हवी असेल तर 'प्रातिनिधिक निवडणूक आकडेवारी' शोधावी. काही निवडक मतदान केंद्रांवर मतपत्रिकांवरच स्त्री-पुरुष आणि जन्मवर्षाचा गट छापलेला असतो आणि त्यांची वेगळी मोजणी होते. तेथे कोणाच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. तिला यायला काही महिने लागतात, पण वाट पाहण्यासारखी ती असते.

घरी बसणाऱ्या मतदाराला आपण उदासीन समजतो. माझ्या मते जर्मनीच्या बाबतीत तो समज चुकीचा ठरला आहे. त्यातील बऱ्याच लोकांचा निषेध मूक होता. त्याला बोलणारा पक्ष मिळाला, एवढेच घडले.

हेतू विचारणाऱ्या प्रश्नाकडे सावधपणे पाहावे

मतदान केंद्राबाहेर पडणाऱ्यांना जर्मन सर्वेक्षकांकडून एक प्रश्न नेहमी विचारला जातो : तुम्ही हा पक्ष त्याच्यावरील विश्वासाने निवडला की इतर पक्षांबद्दलच्या निराशेने? एएफडी प्रथमच संसदेत आला त्या २०१७ च्या निवडणुकीत त्याच्या मतदारांपैकी सुमारे तीनपंचमांश लोकांनी 'निराशेने' असे सांगितले होते. २०२५ पर्यंत चित्र पालटले आणि निम्म्याहून अधिक मतदार 'विश्वासाने' असे सांगू लागले. या एका प्रश्नाची आठ वर्षांतली वाटचाल पाहिली तरी 'निषेध' हा शब्द आज पूर्वीइतका पुरेसा का नाही, ते समजते.

तरीही या प्रश्नात एक अडचण आहे. तो माणसाला दोनपैकी एक उत्तर निवडायला लावतो आणि निराशा व विश्वास ही दोन्ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात. प्रथम माणूस रागाने मत देतो. मग शेजारी, सहकारी, मुले त्याला त्याबद्दल विचारतात आणि तो आपल्या मताचे समर्थन करू लागतो. समर्थन करता करता तो त्या पक्षाचे म्हणणे वाचतो, त्याच्या ध्वनिचित्रफिती पाहतो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याच्या रागाला एक विचारसरणी मिळालेली असते. त्यामुळे या प्रश्नाच्या जोडीला दुसरा प्रश्न शोधावा : पक्षाच्या काही भागाला अतिरेकी मानले जाते, याची तुम्हाला फिकीर आहे का? 'योग्य प्रश्न मांडले जात असतील तर नाही', असे एएफडीच्या बहुसंख्य मतदारांनी वारंवार सांगितले आहे. या उत्तराला निव्वळ निषेध म्हणता येत नाही आणि पूर्ण निष्ठाही म्हणता येत नाही. आपण काय विकत घेत आहोत हे ठाऊक असूनही ते घेणे, असे त्याचे वर्णन मी करीन आणि मतदाराला अजाण समजण्यापेक्षा हे वर्णन त्याला अधिक मान देणारे आहे.

विरोधी पक्षाच्या खुर्चीवर कोण बसतो ते पाहावे

भारतात सत्ताविरोधी लाट आली की ती बहुधा मुख्य विरोधी पक्षाला सत्तेवर नेते. जर्मनीत दोन मोठे पक्षच एकत्र येऊन सरकार बनवतात तेव्हा ही वाट बंद होते. मतदार एकावर रागावला आणि त्याने दुसऱ्याला मत दिले, तरी सरकार त्याच दोघांचे राहते. अशा वेळी राग कडेच्या पक्षांकडे वळतो. निकाल वाचताना आधीच्या चार वर्षांत सरकार कोणाचे होते, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत मोलाचा आहे.

याचा इतिहास जुना आहे. १९६६ ते १९६९ या काळात कुर्ट गेओर्ग कीझिंगर यांच्या नेतृत्वाखाली सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी यांचे पहिले महाआघाडी सरकार होते. नेमक्या त्याच काळात १९६४ मध्ये स्थापन झालेला अतिउजवा एनपीडी पक्ष ७ राज्यांच्या विधानसभांत शिरला. १९६८ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये त्याला ९.८ टक्के मते मिळाली. १९६९ च्या संसदीय निवडणुकीत तो ४.३ टक्क्यांवर अडला. त्यानंतर एसपीडी सत्तेत आणि सीडीयू-सीएसयू विरोधात अशी सरळ लढत पुन्हा सुरू झाली आणि एनपीडी बराच काळ निष्प्रभ झाला.

चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, आंगेला मेर्केल यांच्या कारकिर्दीच्या १६ वर्षांपैकी १२ वर्षे महाआघाडीची होती. युरो संकटात त्यांनी ग्रीसच्या मदतीला 'दुसरा पर्यायच नाही' या अर्थाचे विशेषण लावले. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्थापन झालेल्या पक्षाने आपल्या नावातच 'पर्याय' हा शब्द घातला, तो त्याला उत्तर म्हणून. तेव्हा तो युरोविरोधी अर्थतज्ज्ञांचा पक्ष होता. २०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी जर्मनीत आले. मेर्केल यांनी 'आपण हे करून दाखवू' असे सांगितले आणि संसदेतील एकाही पक्षाने त्या धोरणाला मुळातून विरोध केला नाही. रिकामी राहिलेली ती जागा एएफडीने घेतली. संस्थापक बेर्न्ड लुके त्याच वर्षी बाहेर पडले, त्यांच्यानंतरच्या फ्राउके पेट्री २०१७ मध्ये गेल्या आणि योर्ग मॉयटेन २०२२ मध्ये. प्रत्येक जण जाताना पक्ष फार उजवीकडे गेल्याचे सांगत गेला. पक्ष टोकाकडे सरकत असताना मते मात्र वाढत राहिली. निषेधाच्या सिद्धान्ताला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच आहे.

२०२१ नंतर एसपीडी, पर्यावरणवादी ग्रीन आणि एफडीपी यांचे तीन पक्षांचे सरकार आले. घरांतील तापयंत्रणेच्या कायद्यावरून २०२३ मध्ये मोठा वाद झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घटना न्यायालयाने ६० अब्ज युरोंची तजवीज घटनाबाह्य ठरवली, हिवाळ्यात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सरकार कोसळले. त्यानंतर आलेले फ्रीडरिश मेर्त्स यांचे सरकार पुन्हा सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी यांचेच आहे. १९७६ मध्ये या दोन बाजूंना मिळून ९१ टक्क्यांहून अधिक मते होती. २०२५ मध्ये ती ४४.९ टक्के आहेत. त्याला महाआघाडी म्हणणे आता सवयीचा भाग राहिला आहे.

दुसरी निवडणूक ही खरी परीक्षा

निषेध आणि निष्ठा यांतला फरक एका निकालावरून कळत नाही, म्हणून जुन्या उदाहरणांशी ताडून पाहावे. २६ एप्रिल १९९८ रोजी साक्सेन-अनहाल्ट राज्यात डीव्हीयू या अतिउजव्या पक्षाला १२.९ टक्के मते मिळाली. त्या पक्षाची राज्यात शाखांची बांधणी जवळजवळ नव्हती. प्रचार मुख्यतः टपालाने आलेल्या पत्रकांवर आणि फलकांवर चालला होता. निवडून आलेला गट भांडणांत फुटला आणि २००२ च्या निवडणुकीत पक्ष उभाही राहिला नाही. ज्याला शुद्ध निषेधाचे मत म्हणावे ते असे दिसते : एकदम वर येणारे, कार्यकर्ते नसलेले आणि तितक्याच वेगाने नाहीसे होणारे. बेरोजगार भत्त्यातील हार्ट्स-चार सुधारणांविरुद्ध २००४ मध्ये पूर्व जर्मनीत निदर्शने झाली, त्याच वर्षी साक्सेनमध्ये एनपीडीला ९.२ टक्के मते मिळाली. तीही टिकली नाहीत, तरी एनपीडीने गावोगाव युवकांची मंडळे बांधली होती आणि त्या बांधणीचा वास पुढे बराच काळ राहिला.

एएफडी या मोजपट्टीवर वेगळा दिसतो. २०१३ मध्ये ४.७, २०१७ मध्ये १२.६, २०२१ मध्ये १०.३ आणि २०२५ मध्ये २०.८ टक्के. आश्रयार्थींचा प्रश्न मागे पडला आणि महामारी आली, त्या २०२१ मध्येही त्याची मते फक्त २.३ टक्क्यांनी घटली. तेवढा तळ पक्का झाला होता. १ सप्टेंबर २०२४ रोजी ट्युरिंगेन राज्यात तो ३२.८ टक्के मते घेऊन पहिला आला. तेथील नेते ब्योर्न ह्योके यांना एसए या नाझी संघटनेची घोषणा वापरल्याबद्दल त्याच वर्षी हाले येथील न्यायालयाने दंड ठोठावला होता. मतदारांना ते ठाऊक होते.

उलट उदाहरणही नोंदवावे. मे २०२२ मध्ये श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात एएफडीला ४.४ टक्के मते मिळाली आणि तो विधानसभेतून बाहेर फेकला गेला. म्हणजे हा पक्ष मागे हटवता येतो. मात्र तो एका राज्यात हटला म्हणून देशात हटेल, असे अनुमान काढू नये.

आणखी एक कसोटी आहे, ती म्हणजे दोनच उमेदवारांतील दुसरी फेरी. जून २०२३ मध्ये ट्युरिंगेनमधील झोनेबेर्ग जिल्ह्यात इतर सर्व पक्ष सीडीयूच्या उमेदवारामागे उभे राहिले, तरीही एएफडीचे रोबेर्ट झेसेलमान ५२.८ टक्के मते घेऊन जिल्हाप्रमुख झाले. त्या पक्षाचे हे देशातील पहिले जिल्हाप्रमुखपद. सप्टेंबर २०२५ मध्ये पश्चिमेतील गेल्झेनकिर्शेन, ड्युइसबुर्ग आणि हागेन या तीन शहरांत महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत एएफडीचे उमेदवार पोहोचले आणि तिन्ही ठिकाणी हरले. पहिल्या फेरीत रागाचा उच्चांक कळतो; दुसऱ्या फेरीत त्या रागाला वेसण घालायला किती लोक घराबाहेर पडतात, ते कळते.

निळा नकाशा कसा पाहावा

एएफडीचा रंग निळा असल्याने निकालाच्या रात्री नकाशाचा पूर्व भाग सलग निळा दिसतो. २०२५ मध्ये त्याला ट्युरिंगेनमध्ये ३८.६, साक्सेनमध्ये ३७.३, साक्सेन-अनहाल्टमध्ये ३७.१, मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्नमध्ये ३५ आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ३२.५ टक्के मते मिळाली. पण क्षेत्रफळ मतदान करीत नाही. पूर्वेत लोकसंख्या विरळ आहे आणि एएफडीच्या दर दहा मतांपैकी सुमारे सात मते जुन्या पश्चिम जर्मनीतून आणि बर्लिनमधून आली आहेत. 'हा पूर्वेचा प्रश्न आहे' असे म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

पूर्वेचे वेगळेपण तरीही खरे आहे. एकीकरणानंतर त्रोइहांड या सरकारी संस्थेने पूर्वेतील कारखाने विकले किंवा बंद केले आणि एका पिढीने आपले काम, पद आणि आयुष्याचा हिशेब एकाच वेळी गमावला. तरुण, विशेषतः तरुण स्त्रिया, पश्चिमेला निघून गेल्या. न्यायालये, विद्यापीठे, मोठ्या कंपन्या यांच्या वरच्या जागांवर पश्चिमेतून आलेली माणसे बसली. हा राग बराच काळ डाव्या पक्षाने, आधी पीडीएस आणि नंतर 'लिंके' या नावाने, वाहून नेला. ट्युरिंगेनमध्ये २०१९ साली लिंकेला ३१ टक्के मते होती. २०२४ मध्ये १३.१ राहिली. डावा पक्ष तेथे सत्ताधारी झाला होता आणि सत्ताधाऱ्याकडून निषेधाचे काम करून घेता येत नाही.

वयाचा आणि कामाचा रकानाही पाहावा. २०२५ मध्ये हाताने काम करणाऱ्या कामगारांत सुमारे ३८ टक्क्यांनी एएफडीला मत दिले, सत्तरीपुढील मतदारांत सुमारे १० टक्क्यांनी. १८ ते २४ या वयोगटात लिंके सुमारे २५ टक्क्यांवर पहिला होता आणि एएफडी सुमारे २१ टक्क्यांवर दुसरा. म्हणजे तरुणांनी प्रस्थापितांना दोन्ही बाजूंनी ओलांडले.

वायमारची तुलना करायची असेल तर

वायमार म्हणजे हिटलरपूर्वीचे जर्मन प्रजासत्ताक. ही तुलना सगळेच करतात आणि बहुतेक जण ती '३० जानेवारी १९३३' या हिटलर सत्तेवर आल्याच्या तारखेपासून सुरू करतात. ती १९२८ पासून सुरू करावी. त्या वर्षी नाझी पक्षाला २.६ टक्के मते होती. मार्च १९३० मध्ये बेरोजगारी विम्याच्या वादावरून हेर्मान म्युलर यांचे व्यापक आघाडी सरकार पडले, त्यानंतरची सरकारे राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर चालू लागली आणि सप्टेंबर १९३० मध्ये नाझी पक्ष १८.३ टक्क्यांवर पोहोचला. मतदानाचा टक्काही तेव्हा ७५.६ वरून ८२ वर गेला होता. जुलै १९३२ मध्ये त्याला ३७.३ टक्के मते मिळाली.

बेरोजगारांनी हिटलरला सत्तेवर आणले, ही समजूत अपुरी आहे. बेरोजगार कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे वळले. नाझी पक्षाचा जोर प्रोटेस्टंट ग्रामीण भागात, छोटे शेतकरी, दुकानदार, कारागीर यांच्यात अधिक होता. कॅथलिक भागांत सेंट्रुम पक्षाची मते बऱ्याच अंशी टिकली. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये १९२८ पासून कर्जबाजारी शेतकऱ्यांचे आंदोलन चालले होते. तेथे जुलै १९३२ मध्ये नाझींना ५१ टक्के मते मिळाली. आंदोलन आधी आले आणि पक्ष नंतर आला, हा क्रम ध्यानात घ्यावा. याच राज्याने २०२२ मध्ये एएफडीला विधानसभेबाहेर काढले, हे वर आलेच आहे. मातीत काही असते, असे मानणाऱ्यांना ते पुरेसे उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझी पक्षाची सुमारे २० लाख मते कमी झाली आणि तो ३३.१ टक्क्यांवर आला. निषेधाचा ओहोटीचा काळ सुरू झाला होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत हिटलर चॅन्सेलर झाला तो मतदारांच्या नव्या लाटेमुळे नव्हे. आपण त्याला काबूत ठेवू, असे मानणाऱ्या माजी चॅन्सेलर पापेन यांच्यासारख्या पुराणमतवाद्यांनी अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचे मन वळवले म्हणून. लाट मतदार आणतात आणि दार आतले लोक उघडतात.

'अतिरेकी' हा शब्द कोण वापरतो ते तपासावे

जर्मनीत हा शब्द केवळ शिवी नाही, त्याला कायद्याचा अर्थ आहे. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि कायद्याचे राज्य या गाभ्याविरुद्ध जो जातो, तो अतिरेकी. घटनेच्या रक्षणासाठी असलेल्या गुप्तवार्ता विभागाने २०२१ मध्ये एएफडीला 'संशयित' गटात टाकले. मे २०२४ मध्ये म्युन्स्टर येथील उच्च प्रशासकीय न्यायालयाने ते योग्य ठरवले. ट्युरिंगेन, साक्सेन-अनहाल्ट आणि साक्सेन येथील राज्य विभागांनी आपापल्या शाखांना 'सिद्ध अतिउजवे अतिरेकी' ठरवले आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय विभागाने संपूर्ण पक्षासाठी तोच शब्द जाहीर केला, मात्र पक्ष न्यायालयात गेल्यावर काही दिवसांतच त्याचा वापर थांबवला. लिहिताना या पायऱ्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. बंदी हा आणखी वेगळा विषय आहे : १९५२ मध्ये नाझींचा वारसा सांगणाऱ्या एसआरपी पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, तर एनपीडी घटनाविरोधी असूनही प्रभावहीन असल्यामुळे २०१७ मध्ये वाचला. आणि मतदाराला अतिरेकी म्हणण्यापूर्वी तर दहादा थांबावे. विभागाने वर्गीकरण केले आहे ते पक्षाचे.

प्रस्थापितांनी काय उसने घेतले ते शोधावे

या टप्प्यावर भारतीयांचा थेट संबंध येतो. फेब्रुवारी २००० मध्ये चॅन्सेलर गेर्हार्ड श्र्योडर यांनी संगणक तंत्रज्ञांसाठी ग्रीन कार्डाची घोषणा केली. त्यात भारतीय तंत्रज्ञांचे नाव आघाडीवर होते. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याच्या निवडणुकीत सीडीयूचे उमेदवार युर्गेन र्‍युटगेर्स यांच्या तोंडच्या वाक्यावरून 'भारतीयांऐवजी मुले' ही यमक जुळणारी घोषणा निघाली. तंत्रज्ञ आयात करण्याऐवजी आपल्या मुलांना शिकवा, असा तिचा अर्थ. अतिउजव्या रिपब्लिकानर पक्षाने ती लगेच स्वतःच्या फलकांवर घेतली. र्‍युटगेर्स हरले आणि रिपब्लिकानरलाही एक टक्क्याच्या आसपासच मते मिळाली. घोषणा मात्र पंचवीस वर्षांनंतरही तेथील भारतीयांच्या स्मरणात आहे. प्रस्थापित पक्षाने तोंडात घेतलेला शब्द टोकाच्या पक्षाला प्रतिष्ठा देऊन जातो.

म्हणून निकालाआधीच्या महिन्यांची नोंद ठेवावी. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्युरिंगेनमध्ये एफडीपीचे थोमास केमेरिश एएफडीच्या मतांवर मुख्यमंत्री झाले आणि देशभर संताप उसळल्यावर त्यांना पायउतार व्हावे लागले. एएफडीशी सहकार्य न करण्याच्या संकेताला तेथे 'ब्रांडमाउअर', म्हणजे आग पसरू न देणारी भिंत, असे म्हणतात. २९ जानेवारी २०२५ रोजी मेर्त्स यांचा स्थलांतरावरील ठराव एएफडीच्या मतांनी संमत झाला, दोन दिवसांनी त्याच विषयावरचे विधेयक पडले आणि रस्त्यांवर मोठी निदर्शने झाली. महिन्याभरानंतरच्या निकालात एएफडीची मते दुप्पट झाली आणि बुडाल्यात जमा असलेला लिंके ८.८ टक्क्यांवर आला. सीडीयू-सीएसयूचा वाटा २८.५ टक्के राहिला. उजवीकडे सरकून उजवा मतदार परत आणता येतो, या समजुतीला हे आकडे बळ देत नाहीत.

एक शहर घेऊन सराव

ही पद्धत एखाद्या एका ठिकाणी चालवून पाहिल्याशिवाय हाताला लागत नाही. सरावासाठी गेल्झेनकिर्शेन घ्यावे. रुअर खोऱ्यातील हे कोळशाचे शहर, एसपीडीचा अनेक दशकांचा बालेकिल्ला. येथील शेवटची खाण २००८ मध्ये बंद झाली. बेरोजगारीत हे शहर जर्मनीत सतत वरच्या क्रमांकावर असते आणि पडक्या घरांत दाटीवाटीने राहणाऱ्या पूर्व युरोपीय कुटुंबांवरून तेथे वर्षानुवर्षे तणाव आहे. २०२५ मध्ये येथे दुसऱ्या मतांत एएफडी एसपीडीला किंचित मागे टाकून पहिला आला, तर पहिल्या मतांवर मतदारसंघ एसपीडीच्याच उमेदवाराने राखला. सप्टेंबरमध्ये महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत एसपीडीच्या उमेदवार सुमारे दोनतृतीयांश मते घेऊन जिंकल्या.

या शहराचे २०१३, २०१७, २०२१ आणि २०२५ चे पहिल्या व दुसऱ्या मतांचे आकडे एका कागदावर शेजारीशेजारी लिहावेत. ज्या वॉर्डांत दोन्ही रकाने बरोबरीने चढले आहेत तेथे पक्षाला आता उमेदवार, कार्यकर्ते आणि ओळख मिळाली आहे असे समजावे. जेथे दुसरे मत चढले आणि पहिले मत जुन्या पक्षाकडेच राहिले, तेथील मतदार अजून दोन्ही हातांनी मत देत आहे. पुढच्या निवडणुकीत आधी या दुसऱ्या प्रकारच्या वॉर्डांचे आकडे उघडावेत.